गावातल्या तावेर्नात पहिल्यांदा: हुर्राक-फेणी प्यायला बसण्याची रीत

गोव्याला जाणारा मराठी माणूस बहुधा दोनच ठिकाणी पितो. एक किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, नाहीतर वाइन शॉपातून बाटली घेऊन हॉटेलच्या खोलीत. गावाच्या आत, चर्चच्या किंवा देवळाच्या आसपास, घराच्या पुढच्याच खोलीत चालणारं तावेर्न, म्हणजे गावातला छोटा दारूचा गुत्ता, त्याच्या नजरेला पडतं, पण आत शिरायचा धीर होत नाही. चार टेबलं, दोन म्हातारे, भिंतीवर सायबाची (सेंट फ्रान्सिस झेवियरची) तसबीर किंवा गणपतीचं कॅलेंडर, मेनूकार्ड नाही. काय मागायचं, कुठे बसायचं, किती प्यायचं, काही कळत नाही. या लेखात तेवढंच सांगितलंय.

आधी एक गोष्ट पक्की करून ठेवा. तावेर्नात तुमच्या आवडीपेक्षा हंगामाला जास्त किंमत असते. आज कपाटात आणि गर्राफांवात, म्हणजे त्या पोट फुगलेल्या मोठ्या काचेच्या बाटलीत, जे आहे ते प्यायचं. कॉकटेलची यादी हवी असेल तर पणजीत आणि आसगावात चांगले बार आहेत, तिथे जा.

कधी जायचं

हुर्राक आणि काजूची फेणी ही काजूच्या बोंडांची दारू, आणि काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. अवकाळी पावसाने मोहोर गळला तर तो पंधरा-वीस दिवस पुढे सरकतो. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप खाली पडलेलीच गोळा करतात. बी पिरगाळून काढली की बोंडं दगडी कुंडात पायाने तुडवतात किंवा यंत्रात पिळतात. रस दोन-तीन दिवस आंबू देतात. त्यात यीस्ट, साखर, पाणी काहीही घालत नाहीत. हा आंबलेला रस भट्टीवर एकदा गाळला की मिळते ती हुर्राक, तिच्यात अल्कोहोल सुमारे 15 टक्के. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा गाळली की फेणी. ती 42 ते 45 टक्क्यांपर्यंत जाते.

एवढं माहीत असलं की बाकीचं आपोआप उलगडतं. हुर्राक कमी तेजाची, म्हणून टिकत नाही. फळाचा वास उडतो, चव पाणचट होते. ती हंगामातच संपवायची. एप्रिल हा सगळ्यात भरवशाचा महिना. मार्चच्या सुरुवातीला माल थोडा असतो, आणि मेच्या अखेरीस पाऊस तोंडावर आलेला असतो. दिवाळीत कोणी हुर्राक पुढे केली तर ती साठवलेली आहे एवढं समजून घ्या. वाईट असेलच असं नाही, पण जिच्यासाठी लोक वाट बघतात ती ही नव्हे. फेणीला मात्र बारा महिने सारखेच, उलट काचेत मुरलेली जुनी फेणी नव्या फेणीपेक्षा मऊ लागते.

वेळ दोनच. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी साडेसहा-सातपासून नऊ-साडेनऊपर्यंत. दुपारी एक ते चार गाव झोपतं आणि तावेर्नही. दार नुसतं लोटलेलं दिसलं तरी हाका मारू नका. रात्री दहाला खुर्च्या टेबलावर चढायला लागतात. नवख्याने संध्याकाळी सातला, आठवड्याच्या मधल्या वारी जावं. शनिवारी जागा मिळत नाही, आणि रविवारी सकाळी चर्चमधली मिसा (प्रार्थना) सुटल्यावरची गर्दी गावातल्या ओळखीच्या माणसांची असते, तिथे आपण उगाच मध्ये येतो.

गुड फ्रायडेला आणि चतुर्थीच्या दिवसांत, ज्या वस्तीत ज्याचा सण, तिथली दारं बंद सापडतील. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास कायद्यानेच सगळं बंद असतं. 2 ऑक्टोबरलाही उघडं असेल असं धरून चालू नका.

कुठलं निवडायचं

काजूच्या फेणीसाठी सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण हे डोंगराळ तालुके. माडाच्या फेणीसाठी सासष्टीचा किनारा, कारण तिथे माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारे रेंदेर अजून आहेत. अर्थात दोन्ही फेण्या गोवाभर मिळतात, पण हुर्राक जिथे गाळतात त्याच्या जवळ प्यायली तर फरक कळतो.

जागा बघताना तीन खुणा पुरतात. अबकारी खात्याचा परवाना फ्रेम करून भिंतीवर लावलेला असावा. फळीवर एखादं तरी गर्राफांव असावं. आणि सकाळी बाराच्या सुमाराला आत गावातलीच माणसं बसलेली असावीत. पाटीवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ लिहिलंय की ‘तावेर्न’, याने काही ठरत नाही. बाहेर रंगीत दिवे आणि पाटीवर रशियन अक्षरं दिसली तर पुढे चला.

एकदम खेड्यात जायला संकोच वाटत असेल तर पणजीत फोंतेन्हासमधल्या जोसेफ बारपासून सुरुवात करा. जागा एवढुशी आहे, त्यामुळे लोक पेला घेऊन बाहेर गल्लीतच उभे असतात. तिथलं फेणी आणि कोकमाचं ‘तांबडी रोझा’ नवख्याला फेणीची ओळख सौम्यपणे करून देतं. मात्र जोसेफ बार आता प्रसिद्ध जागा आहे, आणि गावातलं तावेर्न असं नसतं. तिथे तुमच्याकडे बघतात.

आत शिरल्यावर

दारातून सरळ टेबलावर जाऊन बसू नका. आधी काउंटरपाशी जा, नमस्कार करा, मग विचारा. पुष्कळ तावेर्नं बायका चालवतात. वयस्क असेल तर ‘आंटी’ किंवा ‘बाय’, पुरुष असेल तर ‘अंकल’ किंवा ‘बाब’. मराठी बहुतेकांना समजते. पेडणे, डिचोली, फोंडा भागात तर लोक मराठी पेपर वाचतात. सासष्टीत मराठीपेक्षा हिंदी किंवा मोडकीतोडकी कोंकणी बरी. ‘हुर्राक आसा?’, ‘हांगा बसूं?’ आणि शेवटी ‘कितले जाले?’ एवढ्यावर संध्याकाळ निभते. ‘देव बरें करूं’ म्हणजे आभार, ते निघताना म्हणा.

दाराजवळची आणि काउंटरला टेकलेली खुर्ची बहुतेक ठिकाणी कोणाची तरी ठरलेली असते. रिकामी दिसली तरी विचारून बसा. टीव्हीवर फुटबॉल चालू असेल तर चॅनल बदलायला सांगू नका. फोनवर गाणी लावू नका. फोटो काढायचा असेल तर भिंतीचा, बाटल्यांचा काढा. माणसांचा काढायचा तर आधी विचारा. संध्याकाळी सातच्या पेल्यासोबत आपला चेहरा इंटरनेटवर जावा असं गावातल्या शिक्षकाला किंवा पंचाला वाटत नाही.

बायकांनी जावं का? जावं, पण काही खोल्या अजून पूर्ण पुरुषांच्या आहेत हेही खरं. मालकीण काउंटरवर असेल ती जागा निवडा, संध्याकाळी लवकर जा, शक्यतो दोघी-तिघी जा. जिथे बाजूला जेवणाची खोली आहे तिथे प्रश्नच येत नाही. वयाची 21 पूर्ण नसलेल्यांना सोबत घेऊन जाऊ नका.

पहिला पेला: हुर्राक

हंगामात गेलात तर दुसरं काही मागू नका. हुर्राक देताना माप बहुतेक ‘नीप’चं असतं, म्हणजे 180 मिली, पण पहिल्यांदा अर्धं मागितलं तरी चालतं, ‘90’ म्हणा. सोबत लिमकाची बाटली, लिंबू, मीठ आणि हिरवी मिरची येते. पेला कोणी तयार करून देत नाही, तो आपणच बनवायचा, आणि इथेच नवखा अडतो.

उंच पेला घ्या. तीन-चार बर्फाचे खडे. त्यावर 60 मिली हुर्राक. माप नसेल तर साध्या काचेच्या पेल्यात तळापासून दोन बोटं. अर्ध्या लिंबाचा रस पिळा, बी पडू देऊ नका, कडवट होतं. मिठाची चिमूट हुर्राकीत टाकून हलवा. लिमका ओतल्यावर मीठ टाकलंत तर ती फसफसून टेबलावर येते. मग मिरची. देठ ठेवून मधोमध उभी चीर द्या, दोन तुकडे करू नका. मिरची अख्खी पेल्यात सोडा, चीर बर्फाकडे. शेवटी पेला तिरका धरून कडेने लिमका सोडा, हुर्राकीच्या दुप्पट. चमच्याने ढवळायची गरज नाही, मिरचीनेच एकदा फिरवा.

पहिल्या घोटात आधी फळाचा वास नाकात जातो, काहीसा पिकलेल्या फणसाच्या वाटेने जाणारा, मग आंबट, मग खारट, आणि गिळल्यावर घशात मिरचीची चुणूक. दहा मिनिटांनी मिरची बाहेर काढून बशीत ठेवा. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतो. विसरलात तर दुसऱ्या अर्ध्यात चव राहत नाही, नुसती आग राहते. तीच मिरची दुसऱ्या पेल्याला चालते.

लिमका गोड लागत असेल तर अर्धी लिमका अर्धा सोडा करा. ज्यांना गोड अजिबात नको त्यांनी सोडा, लिंबू, मीठ एवढंच घ्यावं; हुर्राकीची जात त्यात जास्त कळते. कोला घालू नका. कोणी अडवणार नाही, पण मग हुर्राक पिऊन उपयोग काय?

फेणी

फेणीची नवख्यांची तक्रार एकच: वास. काजूच्या फेणीचा वास उग्र आहेच, आणि तो यायलाच हवा. वास मंद पण घसा जळतोय असं झालं तर फेणीत दुसरं स्पिरिट मिसळलंय अशी शंका घ्यावी. जुने लोक बाटली जोरात हलवून वर येणारे बुडबुडे बघतात. मण्यांसारखे बारीक बुडबुडे कडेला काही वेळ टिकले तर तेज चांगलं, लगेच फुटले तर पाणी जास्त.

सुरुवात 30 मिलीने करा, 60ने नाही. चार-पाच पट सोडा, अर्धं लिंबू, मीठ. फेणीवर बर्फ फार नको, गारठली की वास दबतो आणि उरतो तो नुसता कडकपणा. दुसरा पेला घ्यायचा झाला तर एक घोट नुसता, काही न मिसळता जिभेवर ठेवून बघा. आवडली नाही तर माडाची मागा. माडाची फेणी सूर आंबवून गाळलेली असते. तिचा वास फळाचा नाही, तो सौम्य आणि थोडा मातकट असतो. काजूची न झेपणाऱ्या पुष्कळांना माडाची झेपते. काही ठिकाणी दुकशिरीची फेणीही मिळते, म्हणजे अनंतमुळाची मुळं घालून ठेवलेली, तांबूस रंगाची. तिच्यात सोडा घालू नये, ती थोडीशीच आणि तशीच प्यावी. सर्दी-पडशावर रामबाण वगैरे जे टेबलावर सांगतात ते ऐकून घ्यावं, औषध मानू नये.

काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी ती कागदोपत्री देशी दारूच होती. तावेर्नातल्या गर्राफांवावर या कशाचंही लेबल नसतं. तिथे भरवसा परवानाधारक मालकावर ठेवायचा. रस्त्याकडेला पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत भरून विकतात तिच्यावर मात्र ठेवू नका.

न पिणाऱ्यांनी काय घ्यावं

हंगामात निरो मागा. तुडवलेल्या बोंडांच्या चोथ्यावर दगडाचं वजन ठेवलं की जो स्वच्छ रस आपोआप ठिबकतो तो निरो. गोड, थोडा तुरट, गार करून अप्रतिम. सकाळी काढलेला सकाळीच प्यावा, दुपारपर्यंत आंबायला लागतो आणि मग तो न पिणाऱ्यांचा राहत नाही. कपड्यांवर सांडू देऊ नका, डाग निघत नाही. इतर वेळी कोकम सोडा किंवा लिंबू सोडा. पेल्यात काय आहे हे तावेर्नात कोणी विचारत नाही.

किती

हुर्राक ‘हलकी’ म्हणून लोक फसतात, तेव्हा हिशेब समजून घ्या. 180 मिली हुर्राकीत 15 टक्क्यांनी 27 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 60 मिली फेणीत, म्हणजे लार्जमध्ये, सुमारे 26 मिली. 650 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये साडेबत्तीस मिली. थोडक्यात, हुर्राकीचा एक नीप म्हणजे फेणीचा एक लार्ज पेग. शरीर तासाला ढोबळमानाने 8 ते 10 मिली अल्कोहोल मार्गी लावतं. एका नीपला तीन तास लागतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात तहानेने तो वीस मिनिटांत संपतो.

म्हणून नवख्याला एका बैठकीत एक नीप हुर्राक किंवा दोन छोट्या फेण्या पुरे. दोन्ही एकत्र नकोत. प्रत्येक पेल्यामागे एक पेला साधं पाणी, आधीच मागून ठेवा. दुसऱ्या दिवशी डोकं धरतं त्यात दारूइतकाच दोष साखरेचा आणि घामाचा असतो, असं गावातले लोक सांगतात. पाणी प्यायलात तर त्यातला घामाचा भाग तरी टळतो.

खायचं काय

तावेर्नात जेवण असेलच असं नाही. जे असतं त्याला चकणा म्हणा. उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, मसाला चणे. मेच्या सुमारास तोर: कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या. हुर्राकीबरोबर याच्या तोडीचं काही नाही, एक कैरी अर्धा तास पुरते. पावसाळ्यात किसमूर मिळते, सुक्या सुंगटांची (कोळंबीची), कांदा आणि ओलं खोबरं घातलेली.

स्वयंपाकघर असेल तर रेशाद मसाला भरलेला बांगडा मागा. मसाला लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरचा. तो आंबट असतो, आपल्या तळलेल्या बांगड्यासारखा नुसता तिखट-मीठ लावलेला नाही. दुसरा पदार्थ चोरीस-पाव. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसाला भरून सुकवलेले, माळेसारखे लटकणारे सॉसेज. आतडं सोलून आतलं मांस कढईत टाकतात, तेल घालत नाहीत. चोरीसचीच चरबी सुटून लाल तेल होतं आणि कांदा, बटाटा त्यातच शिजतो. मध्यम आचेवर पाणी आटेपर्यंत परतलेला असेल तर कडा किंचित चिवट लागतात, तो खरा. घाईत केलेल्यात व्हिनेगर नाकात जातं. मीठ भरपूर असतं, एका प्लेटमध्ये दोघं खातात.

पाव पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजला की ताजा आला समजा. साध्या पावापेक्षा पोयी मिळाली तर घ्या, कोंड्याची, आतून पोकळ. रस्सा तिच्यात मावतो.

तावेर्नात स्वयंपाक नसेल तर चौकात रस-ऑम्लेटचा गाडो शोधा. कांदा-मिरचीच्या ऑम्लेटवर शाकुतीचा रस्सा, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, दोन पाव. गाडो संध्याकाळी लागतो. पार्सल आणून टेबलावर खाल्लेलं बहुतेकांना चालतं, पण आधी विचारा, आणि जिथे स्वतःचं स्वयंपाकघर आहे तिथे विचारूही नका.

न खाणाऱ्यांसाठी: गोव्यात गोमांस सर्रास मिळतं. कॅथलिक वस्तीत रोल, क्रोकेट, कटलेट हे बहुधा बीफचं समजून चालावं. ‘कसलं मांस?’ एवढं विचारलं की सरळ उत्तर मिळतं, त्याचा कोणाला राग येत नाही. रस-ऑम्लेटचा रस्सा बहुतेक कोंबडीचा असतो. शाकाहाऱ्याची मात्र पंचाईतच होते. चणे, दाणे, तोर, आणि मिळालीच तर पाव-भाजी. ती गोव्याची पातळ भाजी, मुंबईची नव्हे, आणि ती सकाळची. अशांनी जेवून यावं. हिंदू मालकांच्या जागी सोमवारी किंवा श्रावणात मासे नसतील.

खायची वेळ महत्त्वाची आहे. पहिल्या घोटाआधी अंडं किंवा दाणे पोटात जाऊ द्या. रिकाम्या पोटी घेतलेली लिमकातली हुर्राक अर्ध्या तासात डोक्यात जाते, आणि मग आलेलं खाणं उशिरा आलेलं असतं.

पैसे आणि निघणं

तावेर्न स्वस्त असतं, घासाघीस करू नका. गुगल पे बऱ्याच ठिकाणी चालतं, पण नेटवर्क जातं, सुटे जवळ ठेवा. हिशेब मालकीण डोक्यात ठेवते किंवा पुठ्ठ्यावर रेघा मारते. रेघा तुम्हीही मोजा, तक्रारीसाठी नव्हे, आपण किती प्यायलो ते कळावं म्हणून. टीप बंधनकारक नाही, वरची चिल्लर सोडली की झालं. उधारीचं वही-खातं नेहमीच्या गिऱ्हाईकांसाठी असतं, पाहुण्यांसाठी नाही.

शेजारच्या टेबलावरच्या कोणी पेला पाजला तर घ्या, आणि उठण्याआधी त्याचा एक तुमच्या हिशेबात लावा. आपणहोऊन साऱ्या खोलीला पाजायला जाऊ नका. ती उदारता नाही, तो दिखावा वाटतो.

परतायचं कसं, हे जाण्याआधी ठरवा, कारण नंतर ठरवणारा माणूस प्यालेला असतो. खेड्यातली शेवटची बस बहुधा आठच्या आसपास जाते. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले ‘पायलट’ शहरात मिळतात, आतल्या गावात रात्री नाही. मालकिणीला सांगितलं तर ती ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करते. हा फोन पेला मागवतानाच करवून घ्या. भाड्याच्या स्कूटरवर येऊ नका. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वरच्या हिशेबातला एक नीपही या मर्यादेच्या बाहेर नेऊ शकतो. शिवाय गावातले रस्ते अरुंद, शेतातून वळणारे, आणि दिवे नाहीत.

उरलेली बाटली घेऊन किनाऱ्यावर किंवा नदीच्या काठी बसायचा मोहही टाळा. पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला दंड आहे.

बाटली घरी न्यायची असेल तर

हंगामात पर्वरीपासून पेडण्यापर्यंत प्रत्येकाला वाटतं की दोन बाटल्या हुर्राक पुण्या-मुंबईच्या मित्रांना न्याव्यात. नेऊ नका. गोव्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला आणि दोडामार्गाच्या वाटेवर गाड्या तपासल्या जातात, आणि माल सापडला तर गाडीही जप्त होऊ शकते. विमान कंपनी 5 लिटरपर्यंत सीलबंद बाटल्या सामानात घेऊ देते, म्हणून राज्याचा कायदा सुटत नाही. ज्यांना फेणी न्यायचीच आहे त्यांनी दुकानातली सीलबंद, लेबलची बाटली बिलासकट घ्यावी आणि अबकारी परवान्याची चौकशी त्याच दुकानात करावी. दुकानदारांना नियम रोज विचारले जातात, त्यांना ते ठाऊक असतात.

हुर्राकीचं तर कायदा बाजूला ठेवला तरी जमत नाही. बूच सैल, गाडीत 40 अंश, आणि आठ-दहा तासांचा प्रवास. पोचेपर्यंत डिकीला वास येतो आणि बाटलीतला वास गेलेला असतो.